गव्हाचा दाणा का रोडावतो?

फाल्गुन महिन्यात गव्हाची मळणी उरकते आणि पोती बाजार समितीच्या आवारात येऊन पडतात. अडत्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढतो, ते तळहातावर पसरून न्याहाळतो आणि एका नजरेत मालाची प्रत ठरवतो. भरदार, टपोऱ्या, चकचकीत दाण्याला एक भाव मिळतो. सुरकुतलेल्या, चपट्या दाण्याला दुसरा. ज्याच्या पदरी रोडावलेला दाणा आला, त्या शेतकऱ्याचे नुकसान दुहेरी असते. भाव तर कमी मिळतोच. शिवाय अपेक्षेपेक्षा पोतीही कमी भरतात. अशा वेळी त्याला पडणारा प्रश्न स्वाभाविक असतो. बियाणे चांगले होते, खत दिले होते, पीक दाट उगवले होते, ओंब्याही भरपूर आल्या होत्या. मग उतारा कोठे हरवला?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा पिकाच्या शेवटच्या पाच आठवड्यांत दडलेले असते. या काळात दोन गोष्टींवर दाण्याचे भवितव्य अवलंबून असते. पहिली, रोपावर हिरवी पाने किती आणि किती दिवस टिकतात; दुसरी, हवेतील उष्णता किती लवकर वाढते. या दोन गोष्टी दाण्यावर कशा परिणाम करतात, त्या एकमेकींना कशा पूरक किंवा मारक ठरतात आणि शेतकऱ्याच्या हाती त्यांवर कोणते उपाय आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उताऱ्याचा हिशोब

गव्हाचे उत्पादन तीन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते: दर चौरस मीटरमधील ओंब्यांची संख्या, दर ओंबीतील दाण्यांची संख्या आणि एका दाण्याचे वजन. हे तीन आकडे एकाच वेळी ठरत नाहीत. ओंब्यांची संख्या पेरणीपासून फुटवे फुटण्याच्या काळापर्यंत आणि त्यांतील किती फुटवे टिकतात यावरून ठरते. ओंबीतील दाण्यांची संख्या पीक कांडी धरते तेव्हापासून फुलोऱ्यापर्यंत निश्चित होते. दाण्याचे वजन मात्र फुलोऱ्यानंतरच ठरते.

उदाहरणादाखल एक चांगले बागायती शेत घ्यावे. दर चौरस मीटरला ३०० ओंब्या, दर ओंबीत ३५ दाणे आणि दर दाण्याचे वजन ४० मिलिग्रॅम, असे धरले तर एका चौरस मीटरात १०,५०० दाणे म्हणजे ४२० ग्रॅम गहू होतो. हेक्टरी हिशोब ४२ क्विंटल इतका येतो. आता ओंब्या तेवढ्याच राहिल्या, दाण्यांची संख्याही तेवढीच राहिली, परंतु दाण्याचे वजन ४० ऐवजी ३३.६ मिलिग्रॅमच भरले, तर हाच उतारा सुमारे ३५ क्विंटलांवर येतो. शेतात उभे राहून पाहणाऱ्याला या दोन पिकांत काहीच फरक दिसणार नाही. ओंब्या मोजल्या तरी त्या सारख्याच भरतील. हेक्टरी जवळजवळ ७ क्विंटलांची ही घट डोळ्यांना न दिसता होते आणि तिचा पत्ता काट्यावरच लागतो.

दाण्याला अन्न कोठून मिळते?

पान हे वनस्पतीचे स्वयंपाकघर आणि दाणा ही तिची कणगी होय. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून साखर तयार करते. ही साखर देठातून आणि कांडीतून वाहत ओंबीकडे जाते आणि दाण्यात तिचे पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये रूपांतर होते. गव्हाच्या पक्व दाण्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा या पिष्टाचाच असतो.

फुलोऱ्यानंतर दाण्याला अन्न पुरवणारी प्रमुख ठिकाणे तीन आहेत. पहिले, ओंबीच्या लगत खाली असणारे सर्वांत वरचे पान. यास शास्त्रीय भाषेत ध्वजपर्ण म्हणतात, कारण ते कांडीच्या टोकाशी निशाणासारखे फडकत असते. ते सर्वांत शेवटी येते, म्हणून सर्वांत तरुण असते. त्यावर सावली पडत नाही आणि ओंबीपर्यंतचे त्याचे अंतरही सर्वांत कमी असते. त्याच्या खालच्या पानाचा वाटाही महत्त्वाचा असतो. त्याहून खालची पाने या काळात सावलीत असतात, वयाने जुनी असतात आणि क्रमाक्रमाने पिवळी पडत जातात.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द ओंबी. दाण्याभोवतीची हिरवी टरफले आणि कुसळे हीदेखील अन्न तयार करतात. पाण्याचा ताण पडला असता पानांपेक्षा ओंबी अधिक काळ हिरवी राहते, असे पुष्कळदा आढळते. म्हणूनच कोरड्या व उष्ण प्रदेशांत कुसळ असलेल्या गव्हाला महत्त्व आहे.

तिसरे ठिकाण कांडी. फुलोऱ्याच्या आधी आणि त्यानंतरच्या सुमारे आठवडाभरात पाने जितकी साखर तयार करतात, तितकी सर्व दाण्याला तेव्हा लागत नाही. ही शिल्लक कांडीत साठवली जाते. पुढे पाने वाळू लागली की ही साठवण वितळून ओंबीकडे जाते. हवामान अनुकूल असते तेव्हा दाण्याच्या वजनात या साठ्याचा वाटा अल्प असतो. संकटकाळी मात्र तो पुष्कळच वाढतो. अडीअडचणीसाठी उतरंडीच्या तळाशी राखून ठेवलेल्या धान्यासारखेच त्याचे काम असते.

पाने गेली तर

गव्हाची पाने अनेक कारणांनी नष्ट होतात. तांबेरा आणि करपा हे रोग त्यांतील मुख्य. त्याशिवाय मावा ही कीड पानांतील रस शोषते, नत्राची कमतरता असल्यास खालची पाने अवेळी पिवळी पडतात, पाण्याच्या ताणाने पाने गुंडाळून वाळतात, गारपिटीने ती फाटतात आणि मोकाट जनावरे ती खाऊन टाकतात.

पान गेले म्हणजे नुकसान झालेच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः नुकसान किती होईल हे पान केव्हा गेले आणि कोणते गेले, यावर अवलंबून असते. पीक कांडी धरण्यापूर्वी जनावराने वरवर चरले तर रोप पुन्हा फुटते, कारण त्या वेळी वाढीचे टोक जमिनीलगत सुरक्षित असते. कांडी धरल्यानंतर मात्र हेच टोक, आणि त्यातील कोवळी ओंबी, कांडीबरोबर वर सरकत असते. त्या वेळी चरलेले रोप ती ओंबी कायमची गमावते. पोटरीच्या सुमारास पाने गेली तर ओंबीतील दाण्यांची संख्या घटते. फुलोऱ्यानंतर पाने गेली तर दाणे तेवढेच राहतात, परंतु त्यांचे वजन घटते.

संशोधकांनी या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी अनेक देशांत पाने कापून पाहण्याचे प्रयोग केले आहेत. फुलोऱ्याच्या वेळी काही रोपांची ध्वजपर्णे कात्रीने कापायची, काहींची सर्व पाने कापायची, काही रोपे तशीच ठेवायची आणि शेवटी दाण्यांचे वजन करायचे, अशी ही साधी रीत आहे. या प्रयोगांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की, पाने कापल्यावर उतारा घटतो, परंतु कापलेल्या पानांच्या प्रमाणात घटत नाही. याचे कारण रोपाची तडजोड करण्याची शक्ती. एक पान गेले की उरलेली पाने आणि ओंबी अधिक काम करू लागतात आणि कांडीतील साठा अधिक प्रमाणात वर खेचला जातो.

यावरून दुसरा एक निष्कर्षही निघतो. थंड हवा आणि पुरेसे पाणी मिळालेल्या पिकात अन्नाचा पुरवठा बहुधा दाण्याच्या गरजेपेक्षा फार तोकडा नसतो. तेथे कणगीच्या आकाराची मर्यादा आधी येते, स्वयंपाकघराची नंतर. म्हणून अशा पिकाला थोडीफार पाने गमावणे सोसते. परंतु या सोसण्यास एक अट आहे. तडजोड करण्यास रोपाला वेळ मिळाला पाहिजे. नेमका हा वेळच उष्णता हिरावून घेते.

उन्हाचा तडाखा

गहू हे मूलतः थंड हवामानाचे पीक आहे. दाणे भरण्याच्या काळात दिवसरात्रीचे सरासरी तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असणे त्यास सर्वांत मानवते. तापमान याच्या वर गेले की दाण्याच्या वजनात दर अंशामागे सुमारे ३ ते ५ टक्के घट होते, असा नियंत्रित तापमानातील अनेक प्रयोगांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे.

उष्णतेचा पहिला आघात फुलोऱ्याच्या वेळी होऊ शकतो. या काळात पारा ३० अंशांच्या वर बराच वेळ राहिला तर परागकण निकामी होतात, फलन नीट होत नाही आणि ओंबीतील काही जागा रिकाम्या राहतात. हे नुकसान दाण्यांच्या संख्येचे असते आणि ते पुढे कशानेही भरून येत नाही.

दुसरा आघात फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतो. या दिवसांत दाणा बाहेरून लहान दिसत असला तरी त्याच्या आत पेशींचे विभाजन वेगाने चालू असते. पुढे पिष्ट साठवण्यासाठी किती जागा मिळणार, हे याच वेळी ठरते. उष्णतेमुळे पेशी कमी झाल्या की कणगीच लहान राहते.

तिसरा आणि सर्वांत नित्याचा आघात दाणे भरण्याच्या मुदतीवर होतो. उष्णतेने रोपाच्या सर्वच क्रियांचा वेग वाढतो. दाणा रोज थोडा अधिक वेगाने भरतो, हे खरे. परंतु भरण्याचे दिवस त्याहून अधिक प्रमाणात कमी होतात. समजा, थंड हवेत दाणा ३२ दिवस भरतो आणि रोज १.२५ मिलिग्रॅम वजन घेतो. त्याचे अंतिम वजन ४० मिलिग्रॅम होते. उन्हाळी हवेत तो रोज १.४ मिलिग्रॅम घेतो, परंतु २४ दिवसांतच पिकून जातो. त्याचे वजन ३३.६ मिलिग्रॅमवर थांबते. आरंभी मांडलेल्या हिशोबातील ७ क्विंटलांची घट ती हीच.

हे दिवस का कमी होतात, याचेही उत्तर आता पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. साखरेचे पिष्टात रूपांतर करणारी जी विकरे दाण्यात असतात, त्यांपैकी काही उष्णतेला फार नाजूक असतात. तापमान २५ अंशांच्या पुढे गेले की त्यांचे काम मंदावते. अशा वेळी ओंबीपर्यंत साखर पोहोचते, परंतु दाण्याला ती साठवता येत नाही. म्हणजे कणगीचे तोंडच मुदतीपूर्वी बंद होते. याखेरीज उष्ण रात्री रोपाचे श्वसन वाढते आणि दिवसा कमावलेल्या अन्नाचा काही भाग रात्रीच खर्ची पडतो. पिष्ट कमी साठल्यामुळे अशा दाण्यात प्रथिनांचे प्रमाण टक्केवारीत वाढलेले दिसते. परंतु ती वाढ केवळ हिशोबाची असते. दाणा सुरकुततो, त्याचे आकारमानानुसार वजन घटते आणि दळताना मैद्याचा उतारा कमी पडतो.

दोन संकटे एकत्र आली असता

पाने जाणे आणि ऊन वाढणे या दोन स्वतंत्र आपत्ती नव्हेत. उष्णता स्वतःच पानांचे आयुष्य कमी करते. तापमान ३४ अंशांच्या वर गेल्याचे दिवस वाढले की गव्हाची पाने मुदतीपूर्वी पिवळी पडतात, हे उत्तर भारतातील गव्हाच्या उपग्रहीय निरीक्षणांवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे रोगाने निम्मी पाने आधीच गमावलेल्या पिकावर ऊन आले, तर उरलेली पानेही ते लवकर वाळवते.

पाने टिकली तर त्यांच्यामुळे पीक थंडही राहते. मुळांना पाणी मिळत असेपर्यंत पानांतून बाष्पोत्सर्जन होते आणि घामाने शरीर निवावे तसे पीक निवते. ओलावा पुरेसा असलेल्या गव्हाच्या पिकाचे तापमान भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी कमी असते. पाने वाळली वा जमीन कोरडी पडली की हे निवणे थांबते आणि तेच ऊन ओंबीला अधिक जाचते.

थंड हवेत पाने गमावलेल्या पिकाजवळ कांडीतील साठा आणि भरपूर दिवस असतात. ते हळूहळू तूट भरून काढते. उष्ण हवेत पाने शाबूत असलेल्या पिकाजवळ दिवस थोडे असले तरी रोजची कमाई असते. परंतु पाने नाहीत आणि दिवसही नाहीत, अशी अवस्था आली की तडजोडीचे सर्व मार्ग खुंटतात. मात्र येथे एक विवेक राखला पाहिजे. अतितीव्र उष्णतेत दाण्याची साठवण क्षमताच संपलेली असेल, तर पाने हिरवी ठेवून किंवा खताचा जादा हप्ता देऊन ते नुकसान भरून निघत नाही. कणगीचे तोंड बंद झाल्यावर स्वयंपाकघरात कितीही अन्न शिजवले तरी ते साठत नाही. सबब, पानांचे रक्षण आणि उष्णतेपासून बचाव हे दोन्ही उपाय बरोबरीनेच करावे लागतात. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राची आखूड थंडी

पंजाब, हरियाना या राज्यांत हिवाळा लांब असतो. तेथे नोव्हेंबरात पेरलेला गहू एप्रिलमध्ये कापणीस येतो. महाराष्ट्रात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. नाशिकसारख्या तुलनेने थंड भागातही दुपारचे कमाल तापमान जानेवारीत सरासरीने २९ अंशांच्या आसपास असते, फेब्रुवारीत ते ३१ अंशांच्या पुढे जाते आणि मार्चमध्ये ३५ अंशांच्या घरात पोहोचते. या चढणीवर गव्हाचा शेवटचा टप्पा कोठे येतो, यावर सारा खेळ आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला गहू जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोऱ्यावर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याचे दाणे भरून होतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फुलतो आणि मार्चच्या उन्हात भरतो. पेरणीत पडलेले पाच आठवड्यांचे अंतर दाण्याला चार-पाच अंश अधिक उष्ण हवेत नेऊन ठेवते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शिफारशीत बागायती गव्हासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही योग्य वेळ सांगितली असून, त्यानंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबामुळे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट येते, असे म्हटले आहे. त्यामागील कारण वरील विवेचनावरून लक्षात यावे.

२०२२ सालचा अनुभव या संदर्भात सर्व देशाला बोलका ठरला. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत त्या वर्षीचा मार्च महिना देशासाठी सर्वांत उष्ण ठरला. उत्तर भारतातील गहू तेव्हा ऐन दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. आरंभी ११ कोटी १३ लक्ष टन उत्पादनाचा अंदाज होता. तो खाली आणावा लागला आणि अंतिम आकडा १० कोटी ७७ लक्ष टनांवर आला. मे महिन्यात गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली गेली. पुढील वर्षी, म्हणजे २०२३ साली, फेब्रुवारी महिन्याने उष्णतेचा तसाच उच्चांक नोंदवला. मार्चच्या उष्णतेचा फटका महाराष्ट्रातील वेळेवर पेरलेल्या गव्हाला फारसा बसत नाही, कारण तो तोपर्यंत पिकलेला असतो. परंतु फेब्रुवारीच तापू लागला तर महाराष्ट्राच्या गव्हाचा कणाच सापडतो.

शेतकऱ्याच्या हातातील उपाय

ऊन कमी करणे कोणाच्या हाती नाही. परंतु पीक उन्हात केव्हा आणि कोणत्या अवस्थेत सापडेल, हे पुष्कळ अंशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

*पेरणीची वेळ.* सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्ची उपाय हाच होय. जिरायती गव्हाची पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि बागायती गव्हाची १ ते १५ नोव्हेंबर या काळात उरकावी. कापूस, तूर किंवा ऊस उशिरा निघाल्यामुळे शेत डिसेंबरात मोकळे होत असेल, तर १५ डिसेंबरनंतर गव्हाचा आग्रह धरू नये. अशा शेतात उन्हाळी भुईमूग, उन्हाळी मूग किंवा चाऱ्याचे पीक घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. बी घरचे आहे म्हणून पेरलेला उशिराचा गहू पुष्कळदा मशागतीचा आणि पाण्याचा खर्चही भरून देत नाही.

*वाणाची निवड.* उशिराच्या पेरणीसाठी लवकर पिकणारे आणि उष्णता सोसणारे वाण निवडावेत. विद्यापीठाच्या निफाड येथील कृषि संशोधन केंद्राने दिलेला एनआयएडब्ल्यू ३४ हा वाण उशिराच्या पेरणीसाठी, त्र्यंबक हा वेळेवरच्या बागायती पेरणीसाठी आणि फुले समाधान हा दोन्हींसाठी शिफारस केलेला आहे. पाणी मर्यादित असल्यास नेत्रावती आणि जिरायतीसाठी पंचवटी या बन्सी वाणाचा विचार करावा. अकोल्याचा एकेएडब्ल्यू ४६२७ हाही उशिराच्या पेरणीचाच वाण आहे.

*बियाण्याचे प्रमाण.* उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात, कारण वाढीचे दिवसच कमी मिळतात. म्हणून वेळेवर पेरणीस हेक्टरी १०० किलो बियाणे वापरले जाते, तर उशिराच्या पेरणीस १२५ किलो वापरावे आणि दोन ओळींतील अंतर थोडे कमी करावे. दाण्याच्या वजनातील संभाव्य घट ओंब्यांच्या संख्येने काही अंशी भरून काढण्याचा हा मार्ग आहे.

*पाणी.* मुकुटमुळे फुटण्याची वेळ (पेरणीनंतर १८ ते २१ दिवस), कांडी धरण्याची (४० ते ४५ दिवस), फुलोऱ्याची (६० ते ६५ दिवस) आणि दाण्यात चीक भरण्याची (८० ते ८५ दिवस) या चार अवस्थांत पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नये. दोनच पाळ्या मिळणार असतील तर पहिली २० ते २२ दिवसांनी व दुसरी ६० ते ६५ दिवसांनी द्यावी. कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असणाऱ्या गावांनी फुलोरा आणि चीक भरण्याच्या सुमाराचे पाणी वेळेवर मिळावे, यासाठी पाणीवाटपाचे वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावे. शेवटचे पाणी केवळ मुळांसाठी नसते. ते पीक निववण्यासाठीही असते. उष्णतेची लाट आल्यास हलके पाणी द्यावे. मात्र जोराचा वारा असताना पाणी देऊ नये, अन्यथा ओंब्यांनी जड झालेले पीक लोळते. तुषार सिंचनाची सोय असलेल्यांनी तापमान एकाएकी वाढल्यास भर दुपारी अर्धा तास तुषार चालवावेत, असा सल्ला कर्नालच्या गहू संशोधन संस्थेने २०२३ साली दिला होता.

*खत.* नत्राचा अर्धा हप्ता पेरणीबरोबर आणि अर्धा पहिल्या पाण्याच्या सुमारास द्यावा. नत्र कमी पडले की रोप खालच्या पानांतील नत्र वरच्या भागाकडे खेचते आणि ती पाने अवेळी पिवळी पडतात. उलटपक्षी, नत्र वाजवीपेक्षा अधिक झाले तर पीक माजते, लोळते आणि मावा व तांबेरा यांना आमंत्रण मिळते. उशिरा पेरलेल्या पिकाला नत्राची मात्रा वेळेवरच्या पिकापेक्षा कमीच ठेवावी.

*फवारणी.* पंजाब कृषि विद्यापीठाने दाणे भरण्याच्या काळातील उष्णतेपासून बचाव होण्यासाठी पोटॅशियम नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाच्या दोन फवारण्या सुचवल्या आहेत. पहिली ध्वजपर्ण निघताना आणि दुसरी फुलोऱ्याच्या आरंभी. एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो पोटॅशियम नायट्रेट, असे हे प्रमाण आहे. या फवारणीने पाने काही दिवस अधिक हिरवी राहतात. तथापि, वेळेवरच्या पेरणीची आणि पाण्याची जागा ती घेऊ शकत नाही, हे ध्यानी ठेवावे.

*तांबेऱ्यावर नजर.* आगरा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्यभर केलेल्या अभ्यासातून असे दाखवून दिले की, तांबेऱ्याची बुरशी भारताच्या मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तग धरत नाही. ती डोंगराळ थंड भागांत टिकून राहते आणि तेथून वाऱ्याबरोबर तिचे बीजाणू मैदानात येतात. दक्षिणेकडे हा साठा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत असतो. १९४६-४७ सालच्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जी साथ आली, तिने या रोगाची भयानकता सर्वांना पटवली. रोगप्रतिकारक वाण हा यावरील मुख्य उपाय होय. डिसेंबरअखेरपासून आठवड्यातून एकदा शेतात फिरून पानांवर नारिंगी वा तपकिरी पुटकुळ्या दिसतात काय, हे पाहावे. रोग दिसताच कृषि सहायकाच्या सल्ल्याने योग्य बुरशीनाशक फवारावे. खालच्या पानांवरील रोग ध्वजपर्णावर चढण्यापूर्वी रोखला, तर पुष्कळसे काम साधते.

स्वतःच्या शेतातील प्रयोग

वरील विवेचन शेतकऱ्याने केवळ वाचून मान्य करावे, असे नाही. ते स्वतःच्या शेतात पडताळून पाहणे सहज शक्य आहे आणि त्यास कात्री, रंगीत दोरा व एक नाजूक काटा यांपलीकडे काही लागत नाही.

पेरणीच्या वेळी शेताच्या एका कडेला दोन पट्टे आखावेत. एक पट्टा वेळेवर पेरावा आणि दुसरा तीन ते चार आठवडे उशिरा. बियाणे, खत आणि पाणी दोन्हीकडे सारखेच ठेवावे. प्रत्येक पट्ट्यात फुलोरा आला की एकाच दिवशी फुललेल्या, सारख्या उंचीच्या मुख्य कांडीवरील ५० ओंब्या निवडून त्यांना दोरा बांधावा. त्यांतील एकाआड एक अशा २५ रोपांचे ध्वजपर्ण कात्रीने कापावे आणि त्यांना दुसऱ्या रंगाचा दोरा बांधावा. उरलेली २५ तशीच ठेवावीत. निवड करताना चांगल्या ओंब्या एकीकडे आणि लहान दुसरीकडे, असे मनाचे झुकते माप होऊ देऊ नये. म्हणूनच एकाआड एक हा नियम कटाक्षाने पाळावा.

पीक पिकल्यावर चार वेगवेगळ्या पिशव्यांत ओंब्या काढाव्यात: वेळेवरच्या पूर्ण पानांच्या, वेळेवरच्या कापलेल्या, उशिराच्या पूर्ण पानांच्या आणि उशिराच्या कापलेल्या. प्रत्येक पिशवीतील दाणे मोजावेत, सराफाच्या काट्यावर त्यांचे वजन करावे आणि वजनाला दाण्यांच्या संख्येने भागून हजाराने गुणावे. जो आकडा येईल ते हजार दाण्यांचे वजन होय. पहिल्या आणि दुसऱ्या पिशवीतील फरक थंड हवेत एका पानाची किंमत किती, हे सांगेल. पहिल्या आणि तिसऱ्या पिशवीतील फरक उशिराच्या पेरणीची आणि तिच्याबरोबर आलेल्या उन्हाची किंमत सांगेल. चौथी पिशवी दोन्ही संकटे एकत्र आली असता काय होते, याचे उत्तर देईल. एकाच वर्षाच्या प्रयोगावर विसंबू नये. हवामान दर वर्षी वेगळे असते. दोन-तीन हंगाम हे आकडे वहीत नोंदवून ठेवले आणि गावातील शाळेच्या विद्यार्थ्यांना या मोजणीत सहभागी करून घेतले, तर ती वही त्या गावापुरते एक उत्तम पाठ्यपुस्तक ठरेल.

गव्हाचे पीक साडेतीन महिन्यांचे असले तरी शेतकऱ्याचे वर्षाचे अन्न आणि रोकड ज्या दाण्यात साठते, तो दाणा अवघ्या चार-पाच आठवड्यांत भरतो. त्या दिवसांत वरची दोन पाने हिरवी राहावीत, मुळांशी ओलावा असावा आणि ऊन तापण्यापूर्वी दाणा भरलेला असावा, एवढ्यासाठीच बाकीच्या सर्व मशागतीचा खटाटोप असतो. त्याची सुरुवात मात्र फेब्रुवारीत नव्हे, तर दिवाळीच्या सुमारास पाभर शेतात उतरते तेव्हाच होते. वाफसा आला असता पेरणी एक आठवडाही लांबवू नये. त्या एका आठवड्याचा हिशोब फाल्गुनात काट्यावर चुकता करावा लागतो.